नाटकाच्या निर्मितीत शिरायचं कुठल्या दाराने?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकची बी.कॉम. झालेली 22 वर्षांची मुलगी. कॉलेजात तीन वर्षं एकांकिका केल्या, पण स्टेजवर उभी राहून नाही. लाइटचे क्यू, म्हणजे लाइट कधी बदलायचा त्याचे इशारे, दिले, सामान जमवलं, तालमींच्या चहापाण्याचा हिशेब ठेवला. आता नाटकाच्या 'प्रॉडक्शन'मध्येच काम करायचंय. मुंबई-पुण्याच्या अकरा नाट्यसंस्थांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. एका ठिकाणी फोन लागला, तिथे "अनुभव किती?" म्हणून विचारलं आणि ठेवून दिला. मग अनुभव आणायचा कुठून, कोर्स करावा का, फुकट काम करावं का, आणि मुलगी असल्यामुळे कुठे अडेल का, असं तिने विचारलंय.

मी 24 वर्षं व्यावसायिक नाटकांचा सूत्रधार म्हणून काम करतोय. सूत्रधार म्हणजे नांदी म्हणणारा नव्हे, नाटकाच्या जाहिरातीत तळाशी बारीक अक्षरात ज्याचं नाव छापतात तो. तारखा, टेम्पो, बस, कलाकारांच्या वेळा, दौऱ्यातली हॉटेलं आणि जेवण, हे सगळं जमवून तिसरी घंटा, म्हणजे नाटक सुरू व्हायची घंटा, वेळेवर वाजवणारा माणूस. वय सांगितलंस म्हणून 'तू' म्हणतोय, रागावू नकोस.

आधी त्या अकरा मेलांचं सांगतो, म्हणजे तुझ्या मनातली खंत जाईल. मराठी नाट्यसंस्था म्हणजे बहुतेक ठिकाणी एक निर्माता, एक सूत्रधार आणि दोन मोबाइल. मेल उघडून अर्ज वाचणारं खातं तिथे नसतंच. माझाच मेल मी जाहिरातीचं डिझाइन आलंय का ते बघायला उघडतो. तेव्हा तुला कुणी नाकारलेलं नाही, तुझं पत्र कुणी वाचलेलंच नाही.

आणि "अनुभव किती?" हा प्रश्नही तुला वाटतो तसा नाही. बॅकस्टेजची बरीचशी कामं हुशार माणूस चार-सहा प्रयोगांत शिकतो. विचारणाऱ्याला खरं तर एवढंच हवं असतं की रविवारी सकाळी सातला तू येशील का, आणि पुढच्या रविवारीही येशील का. आमच्याकडे दर वर्षी नाटकाचं प्रेम घेऊन खूप जण येतात. पहिल्या प्रयोगाला उत्साह असतो, तिसऱ्याला मावसबहिणीचं लग्न निघतं, पाचव्याला फोन लागत नाही. म्हणून ओळखीतून आलेला माणूस घेतला जातो. तो फार हुशार असतो असं नाही, पण गायब झाला तर निदान कुणाला विचारायचं ते माहीत असतं. तुझी अडचण अनुभवाची नाही, तुझी खात्री देणारं इकडे कुणी नाही ही आहे. ती सोडवायचा रस्ता वेगळा आहे आणि तो नाशिकमधूनच सुरू होतो.

त्याआधी तुला 'प्रॉडक्शन' म्हणजे नेमकं काय म्हणायचंय ते ठरव. आमच्याकडे या एका शब्दात चार-पाच निरनिराळे धंदे राहतात. निर्मात्याचं काम पैशाचं आणि जोखमीचं: संहिता निवडणं, लेखकाचं मानधन, संहितेला प्रयोगाची परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, नाट्यगृहांच्या तारखा, जाहिरात. माझं काम रोजच्या चालण्याचं. रंगमंच व्यवस्था म्हणजे सेट लावणं-उतरवणं, प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू), विंगेतली शिस्त. नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, वेशभूषा या कलावंतांच्या जागा. तिथे योजना करणारा एक असतो आणि प्रयोगाला ती चालवणारा ऑपरेटर बहुतेकदा दुसराच असतो. रंगभूषा आणि कपडेपट हे आणखी वेगळं जग. तुझ्या लिहिण्यावरून मला वाटतं की तुझा जीव दोन ठिकाणी आहे, लाइटमध्ये आणि हिशेबात. ही जोडी दुर्मीळ आहे. हिशेब आवडणारी माणसं नाटकात येत नाहीत आणि आली तर तो आवडतो हे लपवून ठेवतात! पण आत्ताच निवड करू नकोस. पहिलं वर्ष सामानाच्या बाजूने शिर, कारण तिथून सगळे धंदे दिसतात.

आता नाशिक. तुमच्याकडे महाकवी कालिदास कलामंदिर आहे. मुंबईचं जवळपास प्रत्येक चालतं नाटक कधी ना कधी तिथे येतं. आम्ही येतो तेव्हा सोबत मोजकीच माणसं आणतो. बसमध्ये जागा आणि हॉटेलात खोल्या मोजून घेतलेल्या असतात. गावात प्रयोग ठरवणारा एक स्थानिक व्यवस्थापक असतो. कधी तो आमच्यासाठी तिकीटविक्री बघतो, कधी ठरावीक रक्कम देऊन अख्खा प्रयोगच विकत घेतो, त्याला आम्ही कॉन्ट्रॅक्ट शो म्हणतो. पोस्टर, वर्तमानपत्रातली जाहिरात, बुकिंगचा प्लॅन, हमाल, कलाकारांचं जेवण, सगळं त्याच्या अंगावर. त्याला कायम एक माणूस कमी असतो. प्रयोगाच्या जाहिरातीत त्याचा नंबर छापलेला असतो. मुंबईला अकरा मेल करण्यापेक्षा या एका माणसाला फोन कर. चार नाटकांना तू त्याच्याबरोबर उभी राहिलीस, की चार वेगळे सूत्रधार तुला तोंडाने ओळखतील. मी ज्या तीन सहायकांवर डोळे मिटून प्रयोग सोडतो त्यातले दोघे मला असेच दौऱ्यात सापडलेत, एक सोलापूरला आणि एक रत्नागिरीला.

दुसरं ठिकाण तुमचं साईखेडकर नाट्यगृह आणि राज्य नाट्य स्पर्धा. हिवाळ्याच्या तोंडाला प्राथमिक फेरी सुरू झाली की नाशिक केंद्रावर दोन-तीन आठवडे जवळपास रोज एक नाटक असतं आणि रोज नवा सेट. हौशी संघांकडे नट भरपूर असतात, हातोडी धरणारे कमी. एका संघात शिर, पण बाकीच्या संघांनाही "सेट लावायला येऊ का?" म्हणून विचार. बारा नाटकांचे बारा सेट चढताना आणि उतरताना बघितलेला माणूस आणि एकाच एकांकिकेत राबलेला माणूस यांत फार फरक असतो. कुठल्या फ्लॅटला, म्हणजे सेटच्या भिंतीच्या तुकड्याला, मागून आधार कमी पडला, कुणाचं दार उघडताना सगळी भिंत हलली, कुणाचा ब्लॅकआउट इतका लांबला की प्रेक्षक खोकायला लागले, हे तुला न विचारता कळायला लागेल.

मे महिन्यातली बालनाट्यं विसरू नकोस. सुट्टीत त्यांचे प्रयोग पाठोपाठ असतात, सामान ढीगभर, कपडे बदलायला सेकंद कमी, आणि नटच आठ-दहा वर्षांचे. कुणाच्या शेपटीचं वेलक्रो निघालंय, कुणाला शू लागलीय, यातून जी विंग सांभाळते तिला मोठ्यांचं नाटक सोपं जातं. गंमत नाही करत.

इथे एक सल्ला देतो जो बहुतेक लोक उलटा देतील. नवीन नाटकाच्या मागे लागू नकोस. सगळ्यांना शुभारंभाच्या प्रयोगाला हजर असायचं असतं, तिथे गर्दी असते, ताण असतो, आणि शिकवायला कुणालाच वेळ नसतो. साठावा किंवा ऐंशीवा प्रयोग चालू असलेलं नाटक पकड. तिथे कामं बसलेली असतात, कुठली गोष्ट कुठे आणि का हे सांगणारी माणसं असतात. शिवाय जुन्या नाटकात एखादा मनुष्य कंटाळून सोडून जातो आणि त्याची जागा अचानक रिकामी होते. माझं पहिलं काम असंच मिळालं. नाटकात दोन अंकांत मिळून चार वेळा चहा यायचा, खराखुरा. चहा करणारा मुलगा नोकरी लागली म्हणून गेला आणि मी विंगेत थर्मास घेऊन उभा राहिलो. चहा संहितेत नेमका दोन पानं आधी ओतायचा, नाहीतर नटाची जीभ पोळते आणि वाक्य पुढे जातं, हे माझं पहिलं तांत्रिक ज्ञान.

माझी पहिली मोठी चूकही त्याच नाटकातली. दौऱ्यात सलग दोन प्रयोग होते. दुसऱ्या अंकात आजोबा कोटाच्या खिशातून चष्मा काढून मुलाचं पत्र वाचतात. पहिल्या प्रयोगानंतर कोट इस्त्रीला गेला, चष्मा त्याच्या खिशात. कोट परत आला, चष्मा इस्त्रीवाल्याच्या टेबलावर राहिला. रात्री आजोबांनी खिशात हात घातला, दुसऱ्या खिशात घातला, मग शांतपणे सुनेला म्हणाले, "तूच वाच गं, मला आता धीर नाही." प्रेक्षकांत हुंदके ऐकू आले. मी विंगेत घामाने भिजलो होतो. प्रयोगानंतर ते मला काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्या हातातली प्रॉपर्टीची यादी मागितली. यादीत 'चष्मा – 1' असं लिहिलं होतं आणि त्यावर टिक होती. कारण मी सकाळी पेटी तपासली तेव्हा पहिल्या प्रयोगापूर्वी तो होताच.

त्या रात्रीपासून माझी यादी वस्तूंची राहिली नाही, जागांची झाली. तिसऱ्या घंटेच्या आधी उजव्या विंगेतल्या टेबलावर काय असेल, डाव्या विंगेत काय, सेटवरच्या कपाटात काय, कुणाच्या कुठल्या खिशात काय. आणि मध्यंतरात यातलं काय कुठे हलेल. प्रत्येक प्रयोगाला नवा कागद, जुन्यावर टिक नाही. वस्तू 'आहे' याला काही अर्थ नसतो, ती योग्य अंधारात योग्य हाताच्या उंचीवर आहे का हे महत्त्वाचं. टेबलावर पांढरा कागद चिकटवून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढून ठेव. रिकामी रेषा दिसली की काय नाही ते शोधावं लागत नाही.

हे वाचून तू आजपासून एक गोष्ट करू शकतेस, तिला कुणाची परवानगी लागत नाही. नाशिकला आलेल्या नाटकाचं तिकीट काढ. पहिल्यांदा नाटक बघ. तेच नाटक जवळपास पुन्हा आलं की दुसऱ्यांदा वही घेऊन बघ आणि गोष्टीकडे लक्षच देऊ नकोस. कुठली वस्तू कुणी आत आणली, कुणी बाहेर नेली, कुठली सेटवरच राहिली ते लिही. प्रकाश कुठल्या वाक्यावर बदलला, संगीत कुठे आत आलं आणि कुठे विरलं. वेश बदलायला नटीला किती वेळ मिळाला. हे लिहिलेले चार कागद म्हणजे तुझा बायोडाटा. तीन वर्षांपूर्वी एका मुलाने मला असे कागद दाखवले होते. त्यात त्याने लिहिलं होतं की पहिल्या अंकात आणलेली छत्री कुणीच परत नेत नाही, तरी दुसऱ्या अंकात ती दिसत नाही. बरोबर होतं. आमचा माणूस ती मध्यंतरात चुकून उचलत होता आणि आम्हाला कुणालाच ते कळलं नव्हतं. तो मुलगा आज माझ्याबरोबर आहे.

आतून काम मिळालं की याचीच पुढची पायरी म्हणजे क्यू-कॉपी. संहितेची झेरॉक्स, प्रत्येक पानासमोर एक कोरं पान. कोऱ्या पानावर लाइट, संगीत, प्रवेश, प्रॉपर्टी, त्या-त्या वाक्यासमोर. पेन्सिलने लिही, कारण नट बदलला की क्यू बदलतो.

वेळेचं थोडं सांगतो, कारण मुंबईचा वेग बाहेरून कळत नाही. शनिवार-रविवारी दादरच्या शिवाजी मंदिरसारख्या नाट्यगृहात सकाळ, दुपार, रात्र अशी तीन नाटकं लागतात, बऱ्याचदा तीन वेगळ्या संस्थांची. समज, चारचं नाटक पावणेसातला संपलं आणि पुढचं साडेआठला आहे. मधल्या पावणेदोन तासांत एक सेट उतरून टेम्पोत जातो, दुसऱ्या टेम्पोतला चढतो, स्पॉट फिरवले जातात, माइक तपासले जातात, नट जागा बघून घेतात, आणि आठच्या सुमाराला प्रेक्षक आत यायला लागतात. एकाच दारातून दोन टोळ्यांचं सामान. इथे टेम्पो भरायचीही अक्कल लागते: स्टेजवर जे आधी लागतं ते टेम्पोत शेवटी चढवायचं. लेव्हल्स, म्हणजे सेटखालचे चौथरे, तळाशी गेल्या तर अर्धं सामान रस्त्यावर उतरवून त्या काढाव्या लागतात, आणि ते पावसात करून बघ एकदा.

कोर्सबद्दल. पुण्याच्या विद्यापीठातलं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, या खऱ्या शिक्षणाच्या जागा आहेत. प्रकाशयोजना किंवा नेपथ्य स्वतः करायचं असेल तर माझं मत आहे की जरूर प्रयत्न कर. रंग, प्रमाण, नाटकाचं वाचन या गोष्टी दौऱ्यातल्या बसमध्ये शिकता येत नाहीत. पण व्यवस्था आणि निर्मिती करायची असेल तर कोर्सने दार उघडेलच असं नाही. माझा सल्ला, आधी वर्षभर काम कर आणि मग ठरव. काम केलेल्या विद्यार्थ्याला वर्गात कुठले प्रश्न विचारायचे ते कळतं. पैसे घेऊन 'तीन महिन्यांत प्रॉडक्शन मॅनेजर' करणाऱ्या शिबिरांपासून मात्र लांब राहा.

पैशाचं स्पष्ट बोलतो, कारण इथे लोक आडून बोलतात. आमच्याकडे पगार नसतो, नाइट असते, म्हणजे दर प्रयोगामागे ठरलेली रक्कम. प्रयोग नाही, नाइट नाही. 2020च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा बॅकस्टेजच्या लोकांचं उत्पन्न एका दिवसात शून्य झालं; मधला थोडा काळ निम्म्या खुर्च्यांवर प्रयोग झाले, पण ती पुन्हा बंद झाली आणि परत उघडायला 22 ऑक्टोबर 2021 उजाडलं. तोवर माझ्या ओळखीचा एक उत्तम सेट लावणारा भाजी विकत होता, आणि तो परत आला नाही. नेहमीच्या वर्षातही परीक्षांचे दिवस, गणपती, निवडणुका असे खड्डे असतात. म्हणून पहिली दोन वर्षं दुसरं एखादं उत्पन्न हवं. तुझं बी.कॉम. इथे उपयोगी आहे. दिवसा कुणाचं हिशेबाचं काम करता येईल असं बघ.

फुकट कामाबद्दल माझा नियम असा. जिथे कुणालाच पैसे मिळत नाहीत, म्हणजे हौशी, प्रायोगिक, स्पर्धेचं नाटक, तिथे खुशाल फुकट कर. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 1974 पासून जी प्रायोगिक नाटकं उभी राहिली ती अशाच पदरमोडीवर. पण जिथे तिकीट विकलं जातं आणि बाकीच्यांना नाइट मिळते, तिथे चार-पाच प्रयोग शिकायला म्हणून उभी राहा, त्यातही जाण्यायेण्याचे आणि जेवणाचे पैसे घे, आणि सहाव्या प्रयोगाच्या आधी स्वतः विषय काढ. "पुढच्या प्रयोगापासून माझी नाइट किती?" एवढंच वाक्य. मला एका निर्मात्याने पहिल्या चौदा नाइट 'पुढच्या महिन्यात' म्हणून दिल्या नाहीत आणि मी संकोचाने विचारलंही नाही. चूक त्याची होती, संकोच माझा.

मुलगी म्हणून अडेल का? खरं सांगायचं तर काही ठिकाणी अडेल. सेट लावणाऱ्या टोळीत अजून बहुतेक पुरुषच आहेत आणि पहिल्या दिवशी तुला कपडेपटाकडे पाठवतील; तिथेही शिकण्यासारखं भरपूर आहे, पण तुला लाइट हवा असेल तर तसं सांग. रात्रीचा प्रयोग संपून सामान भरेपर्यंत बारा-साडेबारा होतात. काम घेण्याआधी तीन गोष्टी विचार: टीममध्ये आणखी कोण बाई आहे, रात्री घरी सोडायची सोय काय, दौऱ्यात खोली कुणाबरोबर. नीट चालणाऱ्या संस्थेत याची उत्तरं लगेच मिळतात. "अगं, आपलं कुटुंबच आहे" असं उत्तर आलं तर दुसरं नाटक बघ. आणि सुरुवातीला विजेच्या जोडण्यांना, डिमरला (लाइट कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला), उंच शिडीला कुणी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, चपला घालून सेट लावायचा नाही. हे मुलांनाही सांगतो.

आत्तापर्यंतचं एका दमात: नाशिकचा स्थानिक व्यवस्थापक, राज्य नाट्य, मे महिन्यातलं बालनाट्य, जागांची यादी, वहीतले चार कागद. हे वर्षभर झालं की मुंबई की पुणे हा प्रश्न उरतो. पुण्यात प्रायोगिक काम जास्त सापडेल, भरत नाट्य मंदिर आणि सुदर्शन रंगमंच यांच्या आसपास, आणि खोलीभाडं त्यातल्या त्यात झेपेल. नाइटवर जगायचं असेल तर मुंबई-ठाणे, कारण व्यावसायिक नाटकांचे जास्तीत जास्त प्रयोग तिथेच लागतात. कुठे ओळखीच्या घरी राहायची सोय आहे, यावर हा निर्णय बराच अवलंबून आहे.

शेवटी, सूत्रधाराला गाठायचं कधी. प्रयोगाआधी अर्धा तास अजिबात नको, तेव्हा मी माझ्या आईचाही फोन घेत नाही. प्रयोगानंतर नट दारात फोटो देत असतात तेव्हाही नको, सेट उतरवायची घाई असते. दुपारी टेम्पो नाट्यगृहाच्या मागच्या दाराला लागतो. सेट उभा राहिला, लाइट लागले, की एकदा सगळ्यांसाठी चहा येतो. त्या दहा मिनिटांत कुणालाही विचार, "सूत्रधार कोण?" नाव सांग, नाशिकची आहे म्हणून सांग, वही उघडून दाखव, आणि म्हण की आज सेट उतरवायला थांबते. मग खरंच थांब.